विंडोजवर चालतं, लिनक्सवर उघडतच नाही: डेस्कटॉप ॲप डीबग करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोजवर लिहिलेलं, मॅकवर तपासलेलं आणि लिनक्ससाठी ‘होईलच की’ म्हणून बांधून टाकलेलं ॲप पहिल्याच वापरकर्त्याकडे मान टाकतं. हे पान अशा ॲपच्या डेव्हलपरसाठी आहे. उदाहरणं मुख्यतः क्यूटीची (खिडक्या, बटणं, मेनू बनवायची लायब्ररी), म्हणजे सी++ आणि तिची पायथन रूपं पायक्यूटी, पायसाइड यांची. इलेक्ट्रॉन आणि जीटीके ही त्याच कामाची दुसरी साधनं अधूनमधून येतील. कमांड, व्हेरिएबल आणि पॅकेजची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असेल तर सगळी अक्षरं मोठी आणि शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर.

आयकॉनवर डबल-क्लिक केलं की काहीच होत नाही. एररसुद्धा नाही. सुरुवात कुठून करू?

एरर असते, ती दाखवायला कोणी नसतं एवढंच. डबल-क्लिकने सुरू केलेल्या प्रोग्रामचे संदेश स्क्रीनवर येत नाहीत. टर्मिनल उघडा, ॲपच्या फोल्डरमध्ये जा आणि तिथून चालवा. चालवून झाल्यावर लगेच एक्झिट कोड बघा: एको, मग डॉलर आणि प्रश्नचिन्ह.

या आकड्याकडे बहुतेक जण बघत नाहीत, पण ॲप कुठल्या टप्प्यावर मेलं ते तोच सांगतो. १२६ आला तर फाइलला चालवण्याची परवानगी नाही; विंडोजवर झिप केलेल्या फाइलींचं हे नेहमीचं दुखणं आहे. १२७ म्हणजे फाइलच सापडली नाही किंवा लोडरला (प्रोग्राम मेमरीत आणणाऱ्या भागाला) एखादी शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती कोडची फाइल) मिळाली नाही, म्हणजे तुमच्या कोडची एकही ओळ अजून चाललेली नाही. १३४ म्हणजे प्रोग्रामने स्वतःच ॲबॉर्ट केलं. क्यूटीला डिस्प्ले मिळाला नाही की हेच होतं. १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट, प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावला. आकडा १२७ असताना कोडमध्ये प्रिंट घालत बसणं किंवा १३९ असताना पॅकेजं पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करणं, दोन्ही वेळेचा अपव्यय आहे.

वापरकर्ता फक्त ‘लिनक्सवर चालत नाही’ एवढंच लिहितो. त्याला काय विचारू?

डिस्ट्रो (उबंटू, फेडोरासारखं लिनक्सचं वितरण) आणि तिची आवृत्ती. सेशन वेलँडचं आहे की एक्स११चं (स्क्रीनवर खिडक्या दाखवायच्या या दोन पद्धती). हे एक्सडीजी सेशन टाइप या व्हेरिएबलमध्ये मिळतं. ॲप कुठल्या रूपात घेतलं: डेब, ॲपइमेज, फ्लॅटपॅक, स्नॅप अशा पॅकेजमधून, की पायथनची पॅकेजं आणणाऱ्या पिप किंवा कोंडातून. आणि टर्मिनलमधला सगळा मजकूर, स्क्रीनशॉट नव्हे, मजकूर. शेवटची ओळ बहुधा परिणाम असते; कारण चार-पाच ओळी वर असतं आणि स्क्रीनशॉटमध्ये नेमकं तेच कापलं जातं.

‘क्यूटी प्लॅटफॉर्म प्लगइन एक्ससीबी सापडलं, पण लोड झालं नाही’ असं येतं. सापडलं तर लोड का होत नाही?

कारण एक्ससीबी प्लगइन, म्हणजे क्यूटीला एक्स११शी जोडणारा भाग, ही स्वतः एक शेअर्ड लायब्ररी आहे आणि तिला चालायला आणखी डझनभर लायब्रऱ्या लागतात. त्यातली एक जरी मशीनवर नसली तरी प्लगइन आत येत नाही. संदेशात पुढे ‘ॲप्लिकेशन पुन्हा इन्स्टॉल करून बघा’ असंही म्हटलेलं असतं. त्याकडे दुर्लक्ष करा. जे पॅकेज मशीनवर नाही ते तुमचं ॲप दहा वेळा इन्स्टॉल करून येणार नाही.

मुख्य एक्झिक्युटेबलवर एलडीडी (फाइलला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी देणारी कमांड) चालवलं तर सगळं आलबेल दिसतं आणि इथेच लोक फसतात. प्लगइन प्रोग्राम सुरू झाल्यावर डीएलओपन या फंक्शनने उघडलं जातं, म्हणून मुख्य फाइलच्या यादीत त्याचा पत्ताच नसतो. एलडीडी थेट प्लगइनच्या फाइलवर चालवायचं: प्लगइन्सच्या फोल्डरात प्लॅटफॉर्म्स, त्यात लिब-क्यू-एक्ससीबी. ‘नॉट फाउंड’ असलेली ओळ म्हणजे उत्तर. एलडीडी मात्र फक्त आपल्या विश्वासातल्या फाइलीवर वापरा, कारण काही परिस्थितीत ते समोरची फाइल प्रत्यक्ष चालवतं. अनोळखी बायनरीसाठी रीड-एल्फ किंवा ऑब्जडम्प बरं.

सध्या सगळ्यात जास्त सापडणारा गुन्हेगार म्हणजे एक्ससीबी-कर्सर. क्यूटी ६.५ पासून ही लायब्ररी सक्तीची झाली आणि पुष्कळ मशीनवर ती आपोआप नसते. डेबियन आणि उबंटूत पॅकेजचं नाव लिब-एक्ससीबी-कर्सर०, फेडोरा आणि आर्चमध्ये एक्ससीबी-यूटिल-कर्सर.

एवढ्यावर भागलं नाही तर क्यूटी डीबग प्लगइन्स हे व्हेरिएबल १ करून ॲप चालवा. क्यूटी कुठल्या फोल्डरात काय शोधलं आणि का नाकारलं याची लांबलचक वही बाहेर काढतं. त्यात दुसऱ्याच कुठल्यातरी क्यूटीच्या फोल्डरचं नाव दिसलं तर पुढचा प्रश्न वाचा.

पायक्यूटी एकटं चालतं. ओपनसीव्ही इम्पोर्ट केलं की हीच एरर येते. विंडोजवर हा त्रास नाही.

पिपवरच्या ओपनसीव्हीच्या (चित्रं-व्हिडिओ हाताळणारी लायब्ररी) लिनक्स पॅकेजात त्याचं स्वतःचं क्यूटी येतं आणि इम्पोर्ट होताना ते प्लगइनचा मार्ग स्वतःच्या फोल्डरकडे वळवतं. मग तुमचं पायक्यूटी परक्या क्यूटीचं प्लगइन उचलायला जातं. खिडक्या तुम्ही पायक्यूटीत दाखवत असाल तर ओपनसीव्हीच्या खिडक्यांची गरजच नाही. ते काढून त्याचं हेडलेस, म्हणजे खिडक्यांविना असलेलं, पॅकेज टाका. दोन्ही एकाच वेळी ठेवू नका. ती एकाच नावाच्या फोल्डरात उतरतात.

‘जीलिबसी २.३४ नॉट फाउंड’. वापरकर्त्याला जीलिबसी अपग्रेड करायला सांगू का?

अजिबात नाही. जीलिबसी, म्हणजे सी भाषेची मूळ लायब्ररी, हा सिस्टिमचा पाया आहे. तो हाताने बदलायला गेलेला माणूस तुमचं ॲप विसरून आपलं मशीन परत उभं करण्याच्या मागे लागेल.

दोष बिल्डचा आहे. जीलिबसीतल्या फंक्शनांवर आवृत्तीचे शिक्के असतात. जुन्या मशीनवर बांधलेलं नव्यावर चालतं, नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालेलच असं नाही. उबंटू २०.०४ मध्ये जीलिबसी २.३१ आहे, २२.०४ मध्ये २.३५, २४.०४ मध्ये २.३९, डेबियन १२ मध्ये २.३६. सीआय (आपोआप बिल्ड करणाऱ्या) सर्व्हरवर ‘उबंटू लेटेस्ट’ लिहून मोकळं झालात की तुमचं ॲप गुपचूप फक्त नव्या डिस्ट्रोंपुरतं उरतं. २.३४ हा आकडा वारंवार दिसतो त्यालाही कारण आहे. त्या आवृत्तीत थ्रेडची वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली, त्यामुळे नव्या मशीनवर बांधलेला अगदी साधा प्रोग्रामसुद्धा २.३४ मागतो.

उपाय एकच: तुम्हाला सांभाळायची असलेली सगळ्यात जुनी डिस्ट्रो कंटेनरमध्ये घ्या आणि तिथे बिल्ड करा. पायइन्स्टॉलर (पायथन ॲपचं एक्झिक्युटेबल बनवणारं साधन) वापरणाऱ्यांनाही हे लागू आहे. ते पायथन आणि क्यूटी सोबत बांधतं, जीलिबसी बांधत नाही.

मग सगळ्याच लायब्रऱ्या ॲपसोबत द्याव्यात का?

नाही, आणि याच उत्साहातून पुढची एरर जन्माला येते: ‘लिबजीएल: स्वरास्ट ड्रायव्हर लोड झाला नाही’. ग्राफिक्स ड्रायव्हर नेहमी वापरकर्त्याच्या मशीनवरचा असतो. त्याला त्या मशीनवरचं ताजं लिब-एसटीडी-सी++ (सी++ची मूळ लायब्ररी) हवं असतं. पण तुम्ही सोबत दिलेलं जुनं आधीच मेमरीत बसलेलं असतं, आणि एका प्रोसेसमध्ये त्या नावाची एकच लायब्ररी राहते. कोंडा वापरणाऱ्यांकडे हे फार दिसतं.

खात्री करायची असेल तर एलडी डीबग हे व्हेरिएबल लिब्स करून ॲप चालवा. कुठली लायब्ररी कुठल्या फोल्डरातून आली ते ओळीओळीने दिसेल. मग सोबत दिलेलं लिब-एसटीडी-सी++ बाजूला सरकवून बघा. लिबजीएल ऑलवेज सॉफ्टवेअर १ केल्यावर ॲप नीट दिसलं, तर दोष ड्रायव्हरच्या वाटेवर आहे हे कळतं. निदानापुरतं ठीक आहे. तेच कायमचं ठेवून द्याल तर वापरकर्त्याच्या लॅपटॉपचा पंखा तक्रार करेल.

ॲपमधल्या ‘मदत’ बटणावर क्लिक केलं की ब्राउझर उघडत नाही. बाकी सगळं चालतं.

पायइन्स्टॉलरने बांधलंय ना? त्याचा बूटलोडर एलडी लायब्ररी पाथ तुमच्या फोल्डरकडे वळवतो, आणि तुम्ही सुरू केलेला ब्राउझरही तेच वारशाने घेऊन तुमच्या लायब्रऱ्यांवर अडखळतो. मूळ किंमत त्याच नावापुढे ‘ओरिज’ जोडलेल्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवलेली असते. बाहेरचा प्रोग्राम सुरू करण्याआधी ती परत जागेवर ठेवा. ती मुळातच नसेल तर व्हेरिएबल काढून टाका.

टर्मिनलमधून चालतं, मेनूतून नाही.

मेनूतून सुरू होणारा प्रोग्राम टर्मिनल उघडताना वाचली जाणारी तुमची बॅशआरसी फाइल वाचत नाही. तिथे घातलेला पाथ, पायएन्व्ह, कोंडा, काहीच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय चालू फोल्डर ॲपचं नसून बहुधा होम असतं, म्हणून ‘आयकॉन्स/लोगो’ असा सापेक्ष मार्ग कोलमडतो. फाइलींचे मार्ग नेहमी एक्झिक्युटेबलच्या जागेवरून काढा. डेस्कटॉप फाइलच्या (मेनूतली नोंद ठरवणारी फाइल) एक्झेक ओळीत पूर्ण मार्ग लिहा. होमसाठीचं टिल्ड चिन्ह तिथे चालत नाही. तात्पुरतं टर्मिनल हे कलम ट्रू केलं की एरर डोळ्यांसमोर येते. नाहीतर जर्नलसीटीएल (सिस्टिमचा लॉग दाखवणारी कमांड) यूजर आणि फॉलो पर्यायांसह चालवून ठेवा आणि मग मेनूतून क्लिक करा.

आयकॉन आणि थीम गायब आहेत. फाइल तर तिथेच आहे!

‘लोगो’ मोठ्या एलने आहे की छोट्या? विंडोज आणि मॅकची फाइल सिस्टिम सहसा हा फरक मनावर घेत नाही, लिनक्सची घेते. गिटमध्ये आणखी एक मेख आहे. विंडोजवर फक्त अक्षराचा आकार बदलून फाइलचं नाव बदललं तर गिट तो बदल अनेकदा नोंदवतच नाही. कोड बघून कळत नसेल तर एस-ट्रेसला (प्रोग्रामचे सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) फक्त फाइलींचे कॉल दाखवायला सांगा आणि ‘ईनोएंट’, म्हणजे ‘अशी फाइल नाही’, शोधा. ॲपने नेमका कुठला मार्ग मागितला ते अक्षरशः दिसेल. उलटा स्लॅश दिसला तर तो विंडोजचा मार्ग आहे हे वेगळं सांगायला नको.

वेलँडवर खिडकी हवी तिथे उघडत नाही, ग्लोबल शॉर्टकट चालत नाही, स्क्रीनशॉट काळा येतो. हा क्यूटीचा बग आहे का?

नाही, हे मुद्दाम केलेलं आहे. एक्स११चा प्रोटोकॉल १९८७ सालचा. त्यात कोणताही प्रोग्राम दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू शकतो, कीबोर्डवरची प्रत्येक कळ ऐकू शकतो, स्वतःला स्क्रीनवर हवं तिथे नेऊ शकतो. वेलँडने, २००८ पासून, हे दरवाजे बंद केले. खिडकी कुठे ठेवायची हे कंपोझिटर, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या मांडणारा प्रोग्राम, ठरवतो. मूव्ह कॉल केलात तरी मुख्य खिडकी हलत नाही, आणि पोझिशन विचारली तर मिळणाऱ्या उत्तरावर काही बांधू नये. स्क्रीनशॉट वापरकर्त्याच्या संमतीने, डेस्कटॉप पोर्टलमार्फत, म्हणजे परवानगी विचारणाऱ्या सेवेमार्फत, घ्यायचा.

पहिली चाचणी सोपी आहे. क्यूटी क्यूपीए प्लॅटफॉर्म हे व्हेरिएबल एक्ससीबी करून ॲप चालवा, म्हणजे ते एक्सवेलँडमधून (वेलँडवर एक्स११ची ॲप चालवणारा थर) जाईल. दुखणं गेलं तर कारण वेलँडच्या वाटेवर आहे. काही जण हेच व्हेरिएबल कोडमध्ये ठोकून मोकळे होतात. मला ते पटत नाही. फेडोराने २०१६ मध्ये २५व्या आवृत्तीपासून वेलँड आधी दिलं, उबंटूने २१.०४ पासून, आणि उबंटू २५.१० मध्ये तर जीनोम डेस्कटॉपचं एक्स११ सेशनच काढून टाकलंय. एक्सवेलँड अजून आहे, पण कमीजास्त स्केलच्या दोन स्क्रीन जोडल्या की त्यातली अक्षरं धूसर दिसू शकतात.

दोन गोष्टी मात्र खरोखर तुमच्या कोडमधल्या असतात. पॉपअप किंवा मेनू पॅरेंट न देता बनवला असेल तर एक्स११वर तो खपून जातो, वेलँडवर भलतीकडे उघडतो किंवा उघडतच नाही. आणि टास्कबारवर तुमच्या आयकॉनऐवजी सर्वसाधारण चिन्ह दिसत असेल, तर वेलँडवर बहुतेक ठिकाणी तो आयकॉन डेस्कटॉप फाइलवरून घेतला जातो. सेट डेस्कटॉप फाइल नेम वापरून ॲपला त्या फाइलचं नाव सांगा.

मेनूच्या कोडमध्ये ब्रेकपॉइंट लावला आणि अख्खा डेस्कटॉप गोठला. रीस्टार्ट करावं लागतं का?

नाही. मेनू उघडा असताना ॲपने माउस आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढून धरलेले असतात. नेमकं तेव्हाच डीबगरने त्याला थांबवलं, म्हणून आता ते सोडणारं कोणी नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर जा, लॉगिन करा, ॲपची प्रोसेस किल करा आणि परत या.

पुन्हा असं होऊ नये म्हणून एक्स११वर क्यूटीला नोग्रॅब (माउस-कीबोर्ड धरून न ठेवण्याचा) पर्याय द्या. जीडीबी या डीबगरमधूनच ॲप सुरू केलं तर क्यूटी स्वतः हे ओळखतं; चालू ॲपला नंतर जोडलंत तर नाही. माझी पसंती झेफिरला आहे. ते एका खिडकीत वेगळा एक्स सर्व्हर उघडतं. डिस्प्ले व्हेरिएबल त्याच्याकडे वळवून ॲप चालवलं की गोठलं तरी तेवढी खिडकीच गोठते.

‘बॅडविंडो’ एररवर जीडीबीत थांबलो, पण बॅकट्रेसमध्ये (एकामागून एक कॉल झालेल्या फंक्शनांच्या यादीत) भलतंच फंक्शन दिसतं.

एक्सच्या विनंत्या साठवून एकगठ्ठा पाठवल्या जातात, म्हणून एरर येते तेव्हा कोड बराच पुढे गेलेला असतो. जीटीकेत जीडीके सिंक्रोनाइझ १ केलं की प्रत्येक विनंती जागच्या जागी पूर्ण होते आणि बॅकट्रेस खरं बोलू लागतो. ॲप मुंगीच्या गतीने चालेल, तेवढं सोसा. आणि संदेशात ‘अननोन सीक्वेन्स नंबर’ असेल, तर तुम्ही मुख्य थ्रेड सोडून दुसऱ्याच थ्रेडमधून खिडकीला हात लावताय. विंडोजवर हे कधीकधी खपतं.

क्रॅश फक्त वापरकर्त्याकडे होतो. त्याच्याकडून बॅकट्रेस कसा मिळवू?

फेडोरा आणि आर्चवर क्रॅशच्या नोंदी दाखवणारं कोअरडम्पसीटीएल असतं. त्याची लिस्ट दाखवायला सांगा, मग त्याच्याच जीडीबी पर्यायाने शेवटचा क्रॅश उघडून ‘बीटी फुल’. उबंटूवर ॲपोर्ट हे काम करतं आणि अहवाल व्हार फोल्डरातल्या क्रॅशमध्ये ठेवतं. जीडीबी डीबगइन्फोडी (डीबगची माहिती पुरवणारा सर्व्हर) चालू करू का असं विचारेल. हो म्हणायला सांगा, नाहीतर सिस्टिम लायब्रऱ्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. पायथनचं ॲप असेल तर आधी क्रॅशच्या वेळी बॅकट्रेस छापणारं फॉल्टहँडलर चालू करून बघा. पायक्यूटी ५.५ पासून स्लॉटमध्ये न पकडलेलं एक्सेप्शनही थेट ॲबॉर्ट करतं, त्यामुळे ‘क्रॅश’ म्हणून आलेली तक्रार कधीकधी साधा टाइपएरर निघते.

मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसतात. कुठे मराठी दिसतं पण टाइप होत नाही.

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. चौकोन म्हणजे देवनागरी फॉन्ट नाही. एफसी-मॅच या फॉन्ट शोधणाऱ्या कमांडला मराठीचा भाषा-कोड देऊन विचारा. उत्तरात देजावूसारखं नाव आलं तर मशीनवर काहीच नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी टाका, किंवा ॲपसोबत फॉन्ट देऊन क्यूफॉन्टडेटाबेसमधून लोड करा. छोट्या कंटेनर इमेजमध्ये फॉन्ट जवळजवळ नसतातच, तेव्हा तिथे काढलेल्या पीडीएफमध्ये चौकोन आले तर नवल नाही. इंग्रजी फॉन्टचं नाव स्टाइलशीटमध्ये ठोकलं असेल तर मराठीसाठी पर्यायी फॉन्ट सिस्टिम निवडते. तो उंच निघाला की वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात. बटणांची उंची पिक्सेलमध्ये पक्की करू नका.

टाइप न होण्याचं कारण इनपुट मेथडमध्ये असतं. आयबस किंवा एफसीटिक्समधून फोनेटिक मराठी लिहिणाऱ्यांना त्या-त्या इनपुट मेथडचं क्यूटी प्लगइन लागतं. ते तुमच्या सोबतच्या क्यूटीत नसेल, तर बाकी सगळीकडे ‘नमस्कार’ लिहिणारा माणूस तुमच्या ॲपमध्ये फक्त रोमन अक्षरं उमटवतो. प्लॅटफॉर्म-इनपुट-कॉन्टेक्स्ट्स हे फोल्डर पॅकेजमध्ये आलंय का बघा. आयबसचं प्लगइन क्यूटीसोबत येतं, एफसीटिक्सचं येत नाही. साध्या कीबोर्ड लेआउटने इनस्क्रिप्ट लिहिणाऱ्याला हा त्रास होत नाही, म्हणून ‘माझ्याकडे तर होतंय’ हे उत्तर इथे पुरेसं नाही.

जर्मनीतल्या वापरकर्त्याकडे ३.१४ ची किंमत ३ होते.

क्यूटी लिनक्सवर सुरू होताना सिस्टिमचं लोकेल (भाषा आणि देशाप्रमाणे लिहिण्याचे नियम) लागू करतं आणि जर्मन लोकेलमध्ये दशांशचिन्ह स्वल्पविराम असतो. मग सीची स्ट्रिंग-टू-डबल फंक्शनं टिंबावर थांबतात. क्यू-ॲप्लिकेशन बनवल्यानंतर लगेच संख्यांचं लोकेल ‘सी’वर ठेवा. आपल्याकडच्या लोकेलमध्ये टिंबच असल्याने पुण्यात बसून हा बग कधीच दिसणार नाही.

ॲपइमेज फ्यूजची मागणी करतं. इलेक्ट्रॉन सँडबॉक्सची.

जुन्या पद्धतीच्या ॲपइमेजला फ्यूजची (ॲपइमेज फोल्डरसारखी उघडून देणाऱ्या लायब्ररीची) दुसरी आवृत्ती लागते आणि उबंटू २२.०४ पासून ती आधीपासून दिलेली नसते. लिबफ्यूज२ टाका, २४.०४ मध्ये त्याच नावाला टी६४ जोडलेलं आहे. फ्यूज टाकता येत नसेल तर एक्स्ट्रॅक्ट-अँड-रन पर्यायाने चालवा.

इलेक्ट्रॉनचं कारण वेगळं. उबंटू २४.०४ मध्ये ॲपआर्मर ही सुरक्षा व्यवस्था साध्या प्रोग्रामांना यूजर नेमस्पेस (स्वतःचा वेगळा कप्पा) बनवू देत नाही, आणि इलेक्ट्रॉनच्या आतल्या क्रोमियम ब्राउझरचा सँडबॉक्स (कोड कोंडून ठेवायची सोय) त्यावरच उभा असतो. सगळीकडे ‘नो-सँडबॉक्स’ लावा असा सल्ला मिळतो. ॲप वेबवरचा मजकूर दाखवत असेल तर तो धोकादायक आहे. डेब पॅकेजमधून नेमस्पेसची परवानगी देणारी ॲपआर्मर प्रोफाइल द्या.

ट्रे आयकॉन दिसत नाही.

जीनोमने ३.२६ मध्ये जुना ट्रे काढून टाकला. उबंटू ॲपइंडिकेटर एक्स्टेन्शन सोबत देतं, फेडोरा देत नाही. ‘बंद केल्यावर ट्रेमध्ये जा’ अशी सोय असेल तर आधी ट्रे आहे का ते विचारा, नाहीतर ॲप अदृश्य होऊन मागे चालू राहतं.

माझ्याकडे लिनक्स मशीन नाही. डब्ल्यूएसएलवर (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) तपासलं तर पुरे का?

लायब्रऱ्या, फाइलींच्या नावांतली लहान-मोठी अक्षरं आणि जीलिबसी यांसाठी पुरे. डिस्प्लेसाठी नाही. डब्ल्यूएसएलमध्ये वेस्टन या कंपोझिटरवर चालणारं वेलँड असतं, पण जीनोम किंवा केडीईचा डेस्कटॉप नसतो. ट्रे, पोर्टल आणि मेनूतून सुरू होणं तिथे तपासता येत नाही. त्यासाठी व्हर्च्युअल मशीनवर एक फेडोरा आणि एक जुनं डेबियन ठेवा. दोन्हीवर डेव्हलपमेंटची पॅकेजं चुकूनही टाकू नका. कंपायलरसोबत आलेल्या लायब्रऱ्या वापरकर्त्याकडे नसतात, आणि तुमच्या ॲपची नेमकी गैरहजर लायब्ररी तिथे झाकली जाते. प्रत्येक चाचणीआधी स्वच्छ स्नॅपशॉटवर परत जा.